रजिस्टरात मी आम्लपित्त लिहिलं

आशाताईचा फोन आला तेव्हा मी लसीचा डबा स्कूटीला बांधत होते.

"सिस्टर, जाता जाता जरा तांड्यावर या ना. आमच्या शेजारची बाई पहाटपासून पोट धरून बसली हाये. मले हे बरं दिसून नाही राह्यलं."

दारव्ह्याहून यवतमाळला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी तेव्हा उपकेंद्राची नर्स होते. नोकरीला सोळा वर्षं झाली होती. तांडा तिथून दोन किलोमीटर आत. आशाताई म्हणजे तांड्यावरची आशा कार्यकर्ती. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, दहावीपर्यंत शिकलेली, घरी बंजाऱ्यांची गोरबोली आणि माझ्याशी वऱ्हाडी बोलणारी. तांड्यावरच्या बायकांचं दुखणं-खुपणं माझ्यापर्यंत तिच्याच तोंडून यायचं. कामाला चोख होती. पण दिवसातून चारदा फोन करायची, आणि मला त्याचा कंटाळा यायचा, हे आता लपवून उपयोग नाही.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर होती. घराघरात सोयाबीनची पोती येऊन पडली होती, पहिल्या वेचणीचा कापूस आला होता. त्या बाईच्या घरातही एका भिंतीला पोती, दुसऱ्या भिंतीला कापसाचा ढीग आणि मधल्या जागेत जमिनीवर अंथरूण. मायलेकी तिथेच झोपायच्या. बाई अठ्ठावीस-तीसची असेल. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मुलगी सहा-सात वर्षांची, दारात उभी. नवरा लोहाऱ्याला एमआयडीसीत कामाला, पहाटेच्या पाळीला गेलेला. घरात सासू होती.

मी बीपी बघितलं, ठीक होतं. नाडी थोडी जोरात. ताप नाही.

"रात्री काय खाल्लं हिने?"

"भाकर अन मिरचीचा ठेचा," सासू म्हणाली.

मला उत्तर मिळालं. मिळालं म्हणजे मी ते घेतलं आणि पुढचं बघणं बंद केलं.

आशाताई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, पान त नसन लागलं?"

आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला की पान लागलं म्हणतात. मी मोबाइलच्या उजेडात बाईचे पाय बघितले, हात बघितले. कुठे दाताची खूण नाही, सूज नाही, लाली नाही. सोळा वर्षांत मी बघितलेले साप चावलेले पाय मांडीपर्यंत सुजलेले होते, काळेनिळे पडलेले होते. साप चावणं म्हणजे तेच, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"कुठे आहे सूज? दाखव मला."

"नाही हाये सूज. पण डोळे पाहा ना तिचे. झाकून राह्यले."

"रात्रभर झोप नाही तिला. डोळे मिटणारच." आणि मग, दारात जमलेल्या चार बायका ऐकत होत्या म्हणून की काय, मी जरा मोठ्याने म्हणाले, "हे बघ, तू आशा आहेस. भगत नाहीस."

बायका हसल्या. आशाताईने मान खाली घातली.

मी बाईला आम्लपित्ताची एक आणि पोटदुखीची एक अशा दोन गोळ्या दिल्या. तिने पाण्याचा घोट घेतला आणि ठसका लागला. थोडं पाणी नाकातून बाहेर आलं. "घाई कशाला करता? घोट घोट प्या," मी म्हणाले. दुसऱ्यांदा गोळ्या कशाबशा खाली गेल्या. मी रजिस्टर काढलं, वेळ लिहिली, आठ वाजून दहा मिनिटं, आणि पुढे लिहिलं : आम्लपित्त. सासूला म्हणाले, "काळजी करू नका. ताक द्या, झोपू द्या. दुपारी बरं वाटेल."

सासूने माझ्यासमोर हात जोडले. मी निघाले.

त्या दिवशीचं लसीकरण सात किलोमीटरवरच्या गावात, अंगणवाडीत होतं. बायका बाळं घेऊन बसल्या होत्या. मी लस काढली आणि कामाला लागले. तिसरं की चौथं बाळ दीड महिन्याचं होतं. त्याच्या तोंडात रोटा लसीचे थेंब टाकले. त्याने ते गिळलेच नाहीत. थोडे ओठांवरून ओघळले, थोडे ठसक्यासरशी नाकातून आले. त्याची आई हसली, पदराने त्याचं नाक पुसलं, मला म्हणाली, "याले अजून गिळताच नाही येत."

माझा हात तिथेच थांबला.

मोठ्या माणसाच्या नाकातून पाणी का येईल? ठसका एकदा लागतो. पण ती बाई दुसऱ्या घोटालाही मान पुढे ताणून गिळत होती. गिळता येत नव्हतं तिला. आणि डोळे. झोप आलेला माणूस डोळे चोळतो, मिटतो, पुन्हा उघडतो. ती माझ्याकडे बघायला हनुवटी वर करत होती. पापण्या उचलत नव्हत्या म्हणून मान उचलत होती.

वर्षभरापूर्वी आमचं एक प्रशिक्षण झालं होतं. मी शेवटच्या रांगेत बसून महिन्याचा अहवाल भरत होते. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर एक चेहरा दाखवला होता, अर्ध्या मिटलेल्या पापण्यांचा. मण्यार चावली तर खूण दिसत नाही, सूज येत नाही, असं काहीतरी ते म्हणाले होते. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग गिळता येत नाही. त्यानंतर काय होतं तेही त्यांनी सांगितलं होतं. मी तेव्हा मान वर करून तो चेहरा बघितला होता आणि पुन्हा अहवालात डोकं घातलं होतं. आता तो चेहरा जसाच्या तसा समोर आला.

मी लगेच उठले असते तर ही गोष्ट सांगायला मला इतकी वर्षं लागली नसती. मी उठले नाही. मी आणखी चार बाळांना लस दिली.

त्या चार बाळांचं मी पुष्कळ दिवस कुणाला तोंडाने सांगितलं नव्हतं. हात काम करत होते. मी मनात म्हणत होते, आम्लपित्तच आहे. परत गेले आणि ती बाई ताक पिऊन झोपलेली असली तर? आशाताई काय म्हणेल? दारातल्या बायका काय म्हणतील? 'भगत नाहीस' म्हटलं होतं मी. आणि समजा खरंच असलं, तर मी आठ वाजता तिला बघून गोळी देऊन आले, हे सगळ्यांना कळणार. बाई मेली तर माझं काय होणार? मला दोन्हीकडून भीती वाटत होती आणि त्या भीतीत बसून राहणं सोपं वाटत होतं. त्यातलं चौथं बाळ झाल्यावर मी डबा बंद केला.

मी बाहेर येऊन आशाताईला फोन लावला.

"कशी आहे ती?"

आशाताई म्हणाली, "तुमी झोपू द्या म्हटलं ना सिस्टर, झोपवलं हाये."

"डोळे उघडते का?"

"नाही. बोटानं उघडले त उघडते. अन आवाज नाकातून येऊन राह्यला. आता त काही बोलतच नाही."

लसीचा डबा अंगणवाडीच्या बाईंच्या हवाली करून मी स्कूटीला किक मारली. तिला लगेच दवाखान्यात हलवा, हे फोनवरच सांगायचं मला सुचलं नाही. सात किलोमीटर. मधला तीन किलोमीटरचा पट्टा कच्चा होता, चिखल सुकून चाकोऱ्या कडक झालेल्या. दोनदा मी पडता पडता वाचले. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर आठवेना. तोंडातून एकच येत होतं, श्वास घे बाई, श्वास घे.

मी पोहोचले तेव्हा तांड्याच्या तोंडाशी एक बोलेरो उभी होती. रस्त्यावरच्या गावात एका मुसलमान मेकॅनिकचं गॅरेज होतं. तो मला बघून पुढे आला. "मॅडम, मैं तो पौन घंटे से खडा हूं. आशाबाईने बुलाया. लेकिन ये लोग भेजतेच नहीं. बोलते, सिस्टर ने बोला कुछ नहीं हुआ."

आशाताईने माझ्या पाठोपाठच त्याला फोन केला होता. दुरुस्तीला आलेली गाडी, मालकाला विचारून तो घेऊन आला होता. सासूने आणि तांड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी आशाताईला थांबवलं होतं. सोळा वर्षं नोकरी केलेली सिस्टर पोटदुखी म्हणते, ही कालची पोर काय जास्त शिकली? पाऊण तास त्या बाईला तिथे माझ्या शब्दाने धरून ठेवलं होतं.

मी आत गेले. बाई उताणी पडली होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. मी तिच्या पापण्या बोटाने वर केल्या. बुबुळं माझ्यावर होती, पण हलत नव्हती. "माझा हात दाबा," मी म्हणाले. तिची दोन बोटं जेमतेम हलली. छाती वरवर हलत होती. मान धरली तर मागे लटकली.

"उचला," मी म्हणाले. "लवकर उचला. माझं चुकलं. साप आहे हा."

सासूने माझा दंड धरला. "तुमीच त म्हटलं होतं, बाई..."

"हो, मीच म्हटलं होतं. चुकीचं म्हटलं होतं. उचला आता."

आम्ही तिला कुशीवर निजवून गाडीत घातलं, म्हणजे लाळ बाहेर पडेल. आशाताई डोक्याशी, मी छातीवर हात ठेवून, सासू पुढे. मेकॅनिकने ती गाडी कशी हाकली ते त्यालाच माहीत. प्राथमिक आरोग्य केंद्र अकरा किलोमीटर होतं. वाटेत दोनदा मला तिचा श्वास हाताला लागला नाही आणि दोनदा पुन्हा लागला. आशाताईने बाईच्या तोंडातली लाळ आपल्या ओढणीने पुसली, पुन्हा पुन्हा पुसली.

डॉक्टर तरुण होते, रुजू होऊन सहा महिने झालेले. त्यांनी लाळ बघितली, पडलेलं अंग बघितलं आणि सासूला विचारलं, "फवारणीचं औषध घेतलं का हिने? खरं सांगा. घरात काही भांडण झालं होतं का?"

आमच्या भागात हा प्रश्न आधी येतो, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. सासू थरथरायला लागली. "नाही जी, भांडण कायचं... नाही जी." तिच्या त्या घाबरण्याने ती खोटं बोलते आहे असंच वाटत होतं. डॉक्टरांनी विषासाठी पोट धुवायची नळी आणायला सांगितलं. "केव्हापासून असं आहे?"

माझ्या खांद्याच्या पिशवीत रजिस्टर होतं. आशाताईने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही तर तीही बोलणार नाही, हे मला त्या नजरेत दिसलं. 'आत्ताच आढळली' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. दोन शब्द. किती वेळ गेला असेल? तीन सेकंद, चार.

"सर, विष नाही. हिला मी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बघितलं. पहाटेपासून पोट दुखत होतं. पापण्या तेव्हाच पडत होत्या. पाणी नाकातून आलं. मी आम्लपित्त समजून गोळ्या दिल्या. रात्री जमिनीवर झोपली होती. मण्यार असेल, सर. आशाताई तेव्हाच म्हणाली होती. मी ऐकलं नाही."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "दोन तास झाले, सिस्टर."

"हो."

"कोणत्या गोळ्या?"

मी नावं सांगितली. त्यांनी स्वतः पापण्या उचलून बघितल्या, बाईची मान उचलून बघितली आणि नळी बाजूला ठेवायला सांगितली. सर्पदंशावरच्या लसीच्या बाटल्या भराभर उघडल्या जाऊ लागल्या. पुढे ते फक्त कामं सांगत गेले. सलाईन लावा. तोंड साफ करा. बॅग धरा.

अर्ध्या तासात तिचा श्वास थांबत आला. यवतमाळला मशीनवर ठेवल्याशिवाय इलाज नव्हता. केंद्राचीच अॅम्ब्युलन्स होती. डॉक्टर स्वतः बसले. घशात नळी, तिला जोडलेली रबरी अंबू बॅग, आणि ती दाबायला आम्ही दोघं आलटून पालटून. मी दाबेन तेव्हा तिची छाती वर येणार. मी थांबले तर येणार नाही. हात भरून आले, बोटांना मुंग्या आल्या, तरी डॉक्टरांनी बॅग मागितली की मला ती सोडवेना. खड्डा आला की आम्ही दोघंही नळीकडे बघायचो.

फोनवरून कळल्यामुळे लोहाऱ्याला एमआयडीसीच्या वळणावर तिचा नवरा रस्त्यात उभा होता. कंपनीच्या निळ्या कपड्यातच. गाडी थांबवणं शक्य नव्हतं. मागच्या काचेतून मी त्याला मोटारसायकलला किक मारताना बघितलं. पुढे दवाखान्यापर्यंत तो आमच्या मागे होता. काचेपलीकडे त्याचा चेहरा, आणि मी त्याच्या बायकोचा श्वास हातात धरून बसलेली. त्याला माहीत नव्हतं, सकाळी त्याच्या घरात मी काय करून आले होते.

ती मशीनवर पाच दिवस होती. पाच दिवस मी रोज सकाळी फोन करायची आणि समोरून "चालू आहे" एवढं ऐकून ठेवायची. सहाव्या दिवशी नळी काढली.

त्यानंतर माझ्याकडून लेखी खुलासा मागितला गेला. शेजारच्या उपकेंद्रातल्या, माझ्याहून जुन्या सिस्टर मला समजवायला आल्या. "रुग्णाला पुढे पाठवत होते, नातेवाइकांनी नकार दिला, असं लिही. सगळे असंच लिहितात. तांड्यावरचं कोण तपासायला येतं?" मी दोन दिवस तो कागद तसाच ठेवला होता. खोटं लिहिणार नव्हते असं म्हणणं सोपं आहे. पहिल्या दिवशी मी तेच लिहिलं होतं. मग मला ती सासू आठवली, माझ्यासमोर हात जोडणारी, जिने खरंच नकार दिला होता, पण तो आशाताईला, आणि तोही माझ्यावर विश्वास ठेवून. मी कागद फाडला. जे झालं तेच लिहिलं, चार बाळांसकट. मला ताकीद मिळाली, सेवापुस्तकात नोंद झाली. निलंबन झालं नाही. पण होईल या भीतीने दीड महिना टपाल घेऊन येणाऱ्या माणसाची चाहूल लागली की मी हातातलं काम टाकून दाराशी जाऊन उभी राहायची.

बाई घरी आल्यावर मी तांड्यावर गेले. नवरा बाजेवर बसला होता. मी त्याला आणि तिला, दोघांनाही सांगितलं की सकाळी मी चुकले होते. तो उठून बाहेर निघून गेला. आजही रस्त्यात दिसला तर तो मान वळवतो, आणि मी त्याला दोष देत नाही.

ती बोलली. नळीमुळे आवाज घोगरा झाला होता.

"मले सप्पा ऐकू येत होतं, सिस्टर. डोळे उघडत नव्हते, जीभ हालत नव्हती, पण कान चालू होते. डाक्टरनं इचारलं ना, औषध पेली का म्हून? तवा मले असं वाटे का ओरडावं. आवाजच नाही. मी म्हटलं, आता मी मरतो, अन माह्या पोरीले लोक जलमभर सांगतीन का तुही माय औषध पिऊन मेली." ती थांबली. मुलीच्या केसांवरून हात फिरवला. "मरायचं भेव नाही वाटलं तेवढं त्याचं वाटलं. मंग तुमी बोलल्या."

मी तिचा हात धरून बसले. तो हात आता माझा हात दाबू शकत होता.

आशाताईची माफी मी महिन्याच्या बैठकीत मागितली, सगळ्या आशा आणि सिस्टर समोर असताना, कारण तिचा अपमानही मी लोकांसमोर केला होता. बैठक सुटल्यावर फाटकापाशी ती म्हणाली, "तुमी बोलल्या ते बरं झालं. पण तवाच ऐकलं असतं त..." आणि पुढचं न बोलता गाडीत जाऊन बसली. बरेच दिवस आमचं कामापुरतंच बोलणं होतं.

मी बदलले, असं म्हणायला मी धजत नाही. कुणी मला खोडून काढलं की अजूनही आधी माझे कान तापतात, शब्द ओठांवर येतात. फक्त आता त्याच क्षणी ती चार बाळंही आठवतात, आणि मी विचारते, "तुला काय दिसलं, ते नीट सांग."

मागच्या पावसाळ्यात तांड्यावरच्या एका म्हाताऱ्याचं पहाटे पोट दुखायला लागलं. आशाताई म्हणाली, मले काही समजून नाही राह्यलं. मी त्याला सरळ गाडीत घातलं. दिवसभर दवाखान्यात ठेवलं, संध्याकाळी साधा गॅस निघाला. म्हातारा आम्हा दोघींना शिव्या देतच घरी परतला.

परतताना आशाताई माझ्या मागे स्कूटीवर बसली होती. दवाखाना मागे पडला. मग म्हणाली, "सिस्टर, आता तुमी माह्यं लयच ऐकता. मले भेव वाटते."

"मलाही वाटतं," मी म्हणाले, आणि आम्ही तशाच पुढे गेलो.